पाण्याचा एकही डाग नाही

मित्रांनो, मी जुना आहे हे मला बघून कुणालाच खरं वाटत नाही. काचेपुढे उभी राहणारी माणसं एकमेकांना म्हणतात, "छे, कालच शिवलेला दिसतोय!" मग आमच्या संग्रहालयातल्या बाई माझं वय सांगतात आणि सगळे तोंडाचा चंबू करून परत एकदा वाकून बघतात.

मी रेशमी अंगरखा आहे. किमोनोवरून घालायचा, पुढून उघडा, गुडघ्याच्या जरा वर संपणारा. आमच्याकडे त्याला हाओरी म्हणतात. बाहेरून मी काळा कुळकुळीत, अगदी साधा. आत अस्तरावर मात्र हातानं रंगवलेला समुद्र आहे, वाळूवर वाकलेली पाइनची झाडं आहेत आणि लाटांवरून उडणारे छोटे किनारपक्षी आहेत. पुरुषाच्या हाओरीची हौसमौज आतल्या बाजूला असते. तो अंगातून काढला की तेवढ्यापुरती ती दिसते.

तुम्ही शाळेच्या सहलीला येता, तेव्हा तुमच्या बाई तुम्हाला सांगतात, "बघा मुलांनो, वस्तू कशी जपायची ते ह्याच्याकडून शिका!" तेव्हा माझा जीव नुसता तळमळतो. मला कसं जपलं ते एकदा ऐका तरी.

माझा जन्म कानाझावा शहरातला. रंगवणारा होता कागेयामा नावाचा एक तिरसट म्हातारा. त्याच्याकडे नोतोच्या किनाऱ्यावरच्या कुरोसे गावातून तोमे नावाची बाई आली होती. नवरा समुद्रात बुडून गेलेला, पदरात दोन मुलगे. बोटीवरची मासळी खारवायची, सुकवायची, पाठीवर टोपली घेऊन डोंगरापलीकडे विकायची, असं करून तिनं घर उभं ठेवलं होतं. थोरल्या यासाकूचं लग्न ठरलं होतं. येताना तिनं म्हाताऱ्यासाठी सुक्या माकूळ माशांची जुडी आणली होती आणि त्या वासानं आख्खं दुकान भरून गेलं होतं.

"बाहेरून साधा असू दे," ती म्हणाली, "नाहीतर गावातले म्हणतील, कोळ्याच्या पोराला काय चढलंय. आत समुद्र काढा. पण शांत हवा."

"शांत?" कागेयामा खेकसला. "शांत पाणी हवं असेल तर तळं काढतो. बदकं पण सोडतो त्यात!"

"तुम्ही कधी बोटीवर गेलाय का?"

"मला उलट्या होतात."

"मग मी सांगते तसं काढा," तोमे म्हणाली. "खवळलेला मी खूप बघितलाय."

म्हातारा कामाला लागला. त्यानं निळ्या फुलांच्या रसानं माझ्यावर रेघा आखल्या, रेघांवर भाताच्या खळीची बारीक धार सोडली आणि मग एकेक रंग भरत गेला. खाली शेगडी ठेवून तो मला शेकत होता, वर मान मोडेस्तोवर वाकत होता. मग वाफेच्या पेटीत कोंडून माझे रंग पक्के केले. शेवटी भर हिवाळ्यात आसानो नदीच्या वाहत्या पाण्यात दोन माणसांनी मला धुतलं. त्यांच्या पिंढऱ्या गारठून लाल झाल्या होत्या. खळ वाहून गेली, निळ्या रेघा गेल्या, आणि उरला तो समुद्र. शांत. तोमेनं सांगितला होता तसाच. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जो तो म्हणत आला की रेशमाला पाणी चालत नाही. मला विचारलं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. पण कपड्याला विचारतो कोण?

लग्नाच्या दिवशी यासाकूनं मला घातलं. दणकट खांद्यांचा, लाजरा माणूस. जेवणं झाल्यावर कुणीतरी आग्रह केला म्हणून त्यानं मला काढून उलटा धरला आणि सगळ्या पंगतीनं "वा!" केलं. धाकटा भाऊ शोहेई लगेच ओरडला, "दादा, हा उलटाच घालत जा! म्हणजे तुझ्या तोंडाकडे कुणाचं लक्ष जाणार नाही!"

नवरी मित्सु खाली मान घालून बसली होती. तिला हसू आवरेना. बाहीआड तोंड लपवून ती इतकी हसली की सगळेच हसायला लागले. यासाकूचे कान तांबडे झाले. माझ्या कॉलरला त्या दिवशी त्याचा घाम लागला. पुढं नववर्षाला त्यानं मला परत एकदा घातलं, मित्सुबरोबर देवळात जायला. बस. तेवढंच.

आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात आभाळ गडगडलं, की मोठी मासळी काठाजवळ येते असं मानतात. त्या वर्षी नववर्षाचे सण संपले आणि एका सकाळी आभाळ गडगडायला लागलं. गावात आनंदीआनंद झाला. यासाकूची बोट सहा जणांची. शोहेईसुद्धा जाणार होता, पण शरद ऋतूपासून त्याला खोकला लागला होता. यासाकूनं त्याला दारातच अडवलं.

"खोकून खोकून मासे पळवून लावशील," तो म्हणाला. "घरी बस आणि वहिनीला लाकडं फोडून दे."

बोट गेली. दुपारी वारा फिरला. पुढचे दोन दिवस समुद्राकडे बघवत नव्हतं. मग लाटांबरोबर वल्ही आली, फळ्या आल्या, बोटीचं नाव लिहिलेला तुकडा आला. माणसं आली नाहीत.

आता आमच्या गावची रीत सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माणूस गेला की त्याचा कपडा घरामागं उत्तरेकडे तोंड करून टांगतात आणि त्याच्यावर पाणी ओततात. तो वाळू द्यायचा नाही. घरचे ओततात, येणारेजाणारेही डावभर ओतून पुढं जातात. एकोणपन्नास दिवस. त्यानं मेलेल्याची तहान भागते आणि तो पुढच्या वाटेला लागतो. समुद्रात गेलेल्याला तर हे हवंच. त्याच्या तोंडात, घशात, पोटात सगळीकडे मीठ. त्याच्याएवढा तहानलेला दुसरा कोण?

पाच घरांमागं पाच कपडे टांगले गेले. त्यांच्यावर ओतलेलं पाणी गोठायचं, ते फोडून बाया परत ओतायच्या. तोमेच्या घरामागं मात्र काही नव्हतं. तिनं मला किरी झाडाच्या लाकडी पेटीत ठेवलं, वर कापूर ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरपट्ट्यात खोचली.

दुसरी एक रीत तिनं धरली. परगावी गेलेल्या माणसाचं पान रोज घरात वाढायचं, तो सुखरूप राहावा म्हणून. आणि त्याच्या सूपच्या वाटीचं झाकण उचलून बघायचं. झाकणाला आतून थेंब धरले असतील, तर माणूस जिवंत आहे. तोमे रोज यासाकूचं पान वाढायची. रोज झाकणाला थेंब असायचे.

शेजारची ओत्सुने एकदा भांडायलाच आली. तिचा मुलगा त्याच बोटीवर होता. घराच्या भिंती कागदाच्या, मला पेटीतसुद्धा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"थेंब आले म्हणे!" ती म्हणाली. "उकळतं सूप ओतल्यावर थेंब येणार नाहीत तर काय? चुलीवरच्या झाकणालासुद्धा येतात!"

"माझ्या घरातलं मी बघीन."

"तुझ्या घरातलं असतं तर मी आलेच नसते गं! एका बोटीतली माणसं एकत्रच पुढं जातात. माझा पोरगा थांबलाय तिकडं तुझ्या पोरासाठी. ओल्या कपड्यानं, थंडीत. तुला काही वाटतं की नाही? तुझ्या नवऱ्यासाठी तूच ओतलं होतंस ना पाणी?"

"ओतलं होतं," तोमे म्हणाली. "म्हणून तर मला माहितीय. पाणी ओतलं की माणूस मरतो."

ओत्सुने रडत निघून गेली. खरं सांगतो मित्रांनो, मला त्या क्षणी दोघींचीही कीव आली.

मित्सुचं काय? लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती सासूपुढं मोठ्यानं बोलणारी नव्हती. पण एक दिवस पान वाढता वाढता ती म्हणाली, "सासूबाई, मी पाणी प्यायला घेते आणि ते घशाखाली उतरत नाही. ते तहानलेले आहेत, मला ठाऊक आहे. एकदा पेटी उघडा. एक डावभर ओतू द्या मला."

"एवढी घाई झालीय का तुला विधवा व्हायची?"

"असं काय बोलता हो..."

"तुझा नवरा मेला असेल," तोमे म्हणाली. "माझा मुलगा जिवंत आहे."

मित्सुची पावलं मागच्या दाराकडे गेली.

तुम्ही विचाराल, मीच कशाला हवा होतो? यासाकूचे दुसरे कपडे नव्हते का? होते. पण कोळ्याच्या घरात भावाभावांचे कपडे सामाईक असतात, किमोनोसुद्धा. एक जाड, दोरे मारलेला कोट होता, तो दोघे भाऊ आलटून पालटून घालायचे; त्या सकाळी यासाकू तो खोकणाऱ्या भावासाठी घरीच ठेवून गेला होता. आणि जिवंत माणसाच्या अंगाला लागलेल्या कपड्यावर मेलेल्याचं पाणी ओतायचं नसतं. कुणी ओतत नाही. ज्याच्यात एकट्या यासाकूचा घाम होता असा त्या घरात मी एकटाच.

मित्सुनं किल्लीची पुष्कळ वाट पाहिली. शेवटी तिला राहवेना. तो जाड कोट शोहेईनं बऱ्याच दिवसांत घातला नव्हता, खोकल्यानं तो घरातच होता. तिनं मनाशी म्हटलं असेल, की आता तो यासाकूचाच धरायला हरकत नाही. तिनं तो लाकडांच्या खोपीमागं टांगला, उत्तरेकडे तोंड करून, आणि पाणी ओतायला लागली. सात-आठ दिवस कुणाला पत्ता नव्हता. मग तोमे लाकडं आणायला गेली.

तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. "जिवंत पोराच्या कपड्यावर! माझ्या जिवंत पोराच्या कपड्यावर पाणी ओतलंस, सटवे!"

शोहेई खोकत बाहेर गेला. "आई, ओरडू नकोस. मी इथं उभा आहे की. हे बघ, ओलासुद्धा झालो नाही."

त्याची थट्टा कुणालाच हसवू शकली नाही. त्या दिवसापासून तो स्वतःसुद्धा थट्टा करेनासा झाला. डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली आणि सांगितलं, की फुप्फुसं शरद ऋतूपासूनच पोखरली आहेत, आधी बोलवायला हवं होतं. पण तोमे कुठली ऐकायला? तिच्या मते दोष त्या पाण्याचाच. चेरीची झाडं फुलायच्या आत शोहेई गेला. तो जाड कोट परत घरामागं टांगला गेला, ह्या वेळी तोमेच्या हातानं. तिनं एकोणपन्नास दिवस पाणी ओतलं. दोन्ही हात सोलवटून निघाले तरी दुसऱ्या कुणाला डाव धरू दिला नाही. आणि रोज दुपारी घरात येऊन ती यासाकूचं पान वाढायची.

मला वाटलं, आता तरी ती मला बाहेर काढील. एक कपडा तिथं टांगलाच आहे, शेजारी दुसरा टांगायला काय लागतं? पण एक मुलगा गेल्यावर दुसऱ्याला ती कशी जाऊ देणार? तिनं कुलपावर आणखी एक दोरी बांधली.

मित्सुला तिनं हाकलून दिलं. "एकाला तूच मारलंस," ती म्हणाली. "दुसऱ्याला मारायच्या आत चालती हो." मित्सुनं बोचकं बांधलं. जाताना ती पेटीजवळ येऊन बसली, झाकणावर हात ठेवला, आणि पुटपुटली, "माफ करा हं. मला जमलं नाही." ती माझ्याशी बोलली की त्याच्याशी, ते मला कळलं नाही. पुढं एक-दोनदा भर दुपारी घराच्या उत्तरेच्या भिंतीवर पाणी मारल्याचा आवाज आला. तोमे केरसुणी घेऊन धावली. मग तो आवाजही बंद झाला. मित्सु लांबच्या गावी लग्न करून गेली, असं नंतर कधीतरी ऐकलं.

त्यानंतर माझी जी निगा राखली गेली, ती राजाच्या वस्त्राचीही राखली गेली नसेल. दर उन्हाळ्यात कोरड्या हवेचे दिवस बघून तोमे मला बाहेर काढायची. सावलीत, वाऱ्यावर टांगायची. नेहमी दक्षिणेकडे तोंड करून. मऊ कापडानं धूळ टिपायची, घड्या मोडून नव्या ठिकाणी घालायची, नवा कागद, नवा कापूर. पावसाचा एक थेंब दिसला की धावत येऊन मला उचलायची. युद्ध आलं. गावोगावच्या बायका रेशमी कपडे देऊन शेतकऱ्यांकडून तांदूळ आणत होत्या. तोमे रताळ्याचे वेल उकडून खायची, पण मला तिनं दिलं नाही. यासाकूच्या पानात मात्र कसाबसा भात असायचा, आणि उकळतं सूप.

गावात सगळे म्हणायचे, काय जपते हो ही मुलाची वस्तू! ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी कोरडा होतो म्हणून सहा माणसं कुठंतरी ताटकळत उभी होती. निदान गावाचा तरी तसाच समज होता. ओत्सुने शेवटपर्यंत तोमेशी बोलली नाही. तीही वारली. तिच्या मुलाचं काय झालं, पुढं गेला की थांबूनच राहिला, हे विचारायला मग कुणी उरलं नाही.

तोमे फार म्हातारी झाली. अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या भावाची मुलगी फुमिए कानाझावाहून तिला बघायला आली. शहरात वाढलेली, स्वच्छ, टापटिपीची बाई. मनानं वाईट नव्हती, हे मला सांगायलाच हवं. आत्यानं सांगितलं म्हणून ती रोज एक पान जास्तीचं वाढायची आणि तिच्या उशाशी ठेवायची. पण सूप उकळतं लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तोमे स्वतःलासुद्धा ते कधी सांगू शकली नव्हती.

एका सकाळी तोमेनं हात लांब करून वाटीचं झाकण उचललं. ती त्याची आतली बाजू बघत राहिली. बोटानं पुसून पाहिलं. झाकण कोरडं होतं.

ती रडली नाही, ओरडली नाही. कमरेची किल्ली काढून तिनं फुमिएच्या हातात दिली. "त्याला बाहेर काढ," ती म्हणाली.

फुमिएनं पेटी उघडली, मला उलगडलं आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. "आत्या, काय सुंदर आहे हो हे! आणि इतकी वर्षं नुसतं पेटीत?"

"पाणी," तोमे म्हणाली.

फुमिए लगबगीनं फुलपात्र भरून घेऊन आली. आत्याची मान उचलून धरली, ओठांना पाणी लावलं. तोमेनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान फिरवली.

"घ्या ना दोन घोट. घसा कोरडा पडलाय तुमचा."

"मला नको. त्याला." तिनं माझ्याकडे बोट केलं. "त्याला दे. पाणी दे त्याला."

"कुणाला, आत्या? इथं कुणी नाहीये."

तेव्हा तोमेनं फुमिएच्या हातातून ते फुलपात्र घेतलं. त्या हातात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. ती कुशीवर वळली. मी तिच्याशेजारीच अंथरलेला होतो, समुद्र वर करून. तिचा हात फुलपात्र घेऊन माझ्यावर आला. मित्रांनो, मला वाटलं, झालं. आता सुटलो सगळेच.

"अहो, काय करता! रेशीम आहे ते, डाग पडेल!" फुमिए ओरडली आणि तिनं झटकन मला ओढून घेतलं.

पाणी चटईवर सांडलं. माझ्यावर एक थेंबही पडला नाही. तोमे त्या ओल्या जागेकडे बघत राहिली, ती जागा वाळेपर्यंत. मग तिनं डोळे मिटले. दुपार कलायच्या आत ती गेली. तिच्या ओठांना शेवटचं पाणी फुमिएनं अगदी रीतसर लावलं.

फुमिएनं मला नवा कागद घातला. पुढं तिचंही वय झालं, तेव्हा तिनं मला ह्या संग्रहालयाला दिलं. इथं हवा कोरडी ठेवणारं यंत्र आहे. ते दिवसरात्र चालू असतं. पाहुणे आले की बाई अभिमानानं सांगतात, "बारकाईनं बघा. पाण्याचा एकही डाग नाही." लोक मान डोलावतात, मला शाबासकी देतात, फोटो काढतात.

तर मुलांनो, माझ्यासारख्या वस्तूंनी शेवटी तुम्हाला सांगायचं असतं की आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. तुमच्या पाण्याच्या बाटल्या दाराशी काढून ठेवायला लावतात, ते मला माहीत आहे. पण तुम्ही मुलं काही कमी नसता. एखादी बाटली दप्तराच्या तळाशी राहूनच जाते. सोमवारी माझी काच पुसायला उघडतात, अर्धा तास उघडीच असते. यासाकू अजून तहानलेला आहे. तुमच्यापैकी कुणी एकानं या. बाई रागावतील, रागावू देत. सगळी बाटली ओता.